स्फुट विचार : न कळलेला निवाडा

खेळ दीड तासांत आटोपतो. त्याची आठवण मात्र कधीं कधीं दोन-तीन पिढ्यांना पुरून उरते. जिंकलेल्या पक्षाला आपल्या विजयाचा कालांतरानें विसर पडेल. परंतु आपल्यावर अन्याय झाला असें हरलेल्या पक्षाच्या मनानें एकदां घेतलें, म्हणजे ती आठवण एखाद्या वतनाप्रमाणें बापाकडून मुलाकडे चालत येते. इंग्लंड व अर्जेंटिना ह्या दोन राष्ट्रांतील फुटबॉलप्रेमी लोकांच्या मनांत १९६६ सालच्या एका सामन्याची अशीच आठवण घर करून राहिली आहे. त्या सामन्यांत एका खेळाडूस मैदानाबाहेर घालविण्यांत आलें, एवढीच काय ती मूळ घटना. पण तिच्यांतून जें निष्पन्न झालें, तें खेळाची आवड नसलेल्या वाचकांनींहि विचारांत घेण्याजोगें आहे, असें आम्हांस वाटतें.

ता. २३ जुलै १९६६. स्थळ लंडनचें वेंब्ले मैदान. विश्वचषकाच्या स्पर्धेंतील उपांत्यपूर्व सामना, आणि पाहावयास सुमारें नव्वद हजार लोक जमलेले. अर्जेंटिनाचा कप्तान अंतोनियो रात्तीन हा सहा फुटांहून उंच, धिप्पाड गडी. पंच रुडोल्फ क्राइटलाइन हे ठेंगणे, टक्कल पडलेले गृहस्थ, पेशानें शिंपी, राहणार जर्मनींतील स्टुटगार्टचे. रात्तीनला जर्मन येत नव्हतें, इंग्रजीहि येत नव्हतें. क्राइटलाइन ह्यांना स्पॅनिश भाषेचा गंध नव्हता. सामना प्रारंभापासूनच धसमुसळेपणाचा झाला. पंच एकामागून एक नांवें आपल्या वहींत टिपीत होते, आणि रात्तीन पदोपदीं त्यांच्या मागोमाग जाऊन कांहींतरी बोलत होता. पस्तिसाव्या मिनिटाच्या सुमारास पंचांची सहनशीलता संपली व त्यांनीं हात उंचावून रात्तीनला बाहेरचा रस्ता दाखविला. त्या क्षणीं रात्तीननें कोणास मारलें नव्हतें कीं पाडलें नव्हतें. तो जें बोलत होता तें उद्धटपणाचें आहे, हें आपण त्याच्या चेहऱ्यावरून ओळखलें, असें पंचांचें म्हणणें पडलें. शब्द एकहि कळत नसतां शब्दांचा अपराध मात्र सिद्ध झाला!

रात्तीन जागचा हलेना. दंडावरची कप्तानाची पट्टी दाखवून आपण केवळ दुभाषी मागत होतों, असें तो पुढें वर्षानुवर्षें सांगत आला. सात-आठ मिनिटें खेळ बंद पडला. अर्जेंटिनाचा सगळा संघच मैदान सोडून जातो कीं काय, असा रंग दिसूं लागला. शेवटीं स्पर्धेच्या पंचसमितीचे प्रमुख केन अॅस्टन ह्यांना मैदानाच्या कडेस येऊन समजूत घालावी लागली. रात्तीन निघाला, पण तडक आंत गेला नाहीं. राणीसाहेबांच्या बैठकीकडे जाणाऱ्या लाल गालिच्यावर तो कांहीं वेळ बसून राहिला, आणि मग मैदानाच्या कडेनें जातां जातां कोपऱ्यावरचें निशाण त्यानें मुठींत चुरगाळलें. उरलेल्या दहा जणांनीं इंग्लंडला बराच काळ रोखून धरलें. अखेर अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटास जेफ हर्स्टनें डोक्यानें चेंडू जाळ्यांत घातला व इंग्लंडनें १–० असा सामना जिंकला. पुढच्याच आठवड्यांत, ता. ३० जुलैस, पश्चिम जर्मनीचा पाडाव करून विश्वचषकहि त्यांनींच घेतला.

आतां हाच प्रसंग दोन देशांत कसा आठवला जातो तें पाहा. इंग्रज प्रेक्षकाच्या डोळ्यांपुढें उभा राहतो तो पंचांचा हुकूम न मानणारा, राणीच्या गालिच्यावर बसणारा आडदांड परदेशी. सामना संपल्यावर इंग्लंडचे व्यवस्थापक आल्फ रॅम्झी ह्यांनीं आपला खेळाडू जॉर्ज कोहेन ह्यास प्रतिपक्षाशीं सदरा बदलूं दिला नाहीं; भर मैदानांत त्यांनीं तो सदरा ओढून धरला. नंतर मुलाखतींत त्यांनीं प्रतिपक्षाच्या वर्तनाला पशूंची उपमा दिली. हा शब्द बोलणाऱ्यांना कदाचित् जड गेला नसेल. ज्यांच्याविषयीं तो बोलला गेला, त्यांच्या मनांत मात्र तो खोल रुतून बसला.

अर्जेंटिनांतील लोकांच्या आठवणींतला सामना अगदीं निराळा आहे. यजमान इंग्लंड आणि पंच जर्मन. त्याच दिवशीं शेफील्ड येथें पश्चिम जर्मनीची गांठ उरुग्वेशीं, तर तेथें पंच इंग्रज! त्या सामन्यांतहि उरुग्वेचेच दोन खेळाडू बाहेर काढले गेले आणि जर्मनीनें ४–० असा जय मिळविला. दोन युरोपीय राष्ट्रांनीं परस्परांची सोय पाहिली, हा संशय दक्षिण अमेरिकेंत पक्का झाला. इंग्लंडचे नियमभंग ३३ आणि अर्जेंटिनाचे १९, असा हिशेबहि पुढें मांडण्यांत येऊं लागला. तिकडे त्या सामन्यास ‘शतकांतील चोरी’ असें नांवच पडलें.

आमच्या मतें ह्या दोन्ही आठवणी खोट्या नाहींत; त्या अर्धवट आहेत. इंग्रज प्रेक्षकाला आपल्या गड्यांचे नियमभंग आठवत नाहींत. अर्जेंटिनाच्या प्रेक्षकाला आपल्या कप्तानाची अखंड हुज्जत आठवत नाहीं. मनुष्याची स्मृति ही निःपक्षपाती साक्षीदार नव्हे. ती ज्याच्या घरीं वाढते त्याचीच वकिली करते. परंतु पराभव तर सर्वांच्याच वांट्याला येतात, आणि बहुतेक विसरलेहि जातात. मग ह्याच सामन्याचा सल एवढा टिकावा कां?

त्याचें कारण शिक्षेच्या कठोरपणांत नसून तिच्या अगम्यतेंत आहे, असें आम्हांस वाटतें. ‘पाचांमुखीं परमेश्वर’ असें आपण म्हणतों. गांवच्या तंट्यांत निवाडा करणारा तो पंच आणि खेळाच्या मैदानांत निर्णय देणाराहि पंचच, असा एकच शब्द आपल्या भाषेनें दोन्ही ठिकाणीं योजिला आहे, आणि तो यथार्थ आहे. पण परमेश्वर ज्या भाषेंत बोलला ती भाषा ऐकणाऱ्याला कळलीच नाहीं, तर त्याचा कौल मान्य व्हावा कसा? आपला अपराध कोणता, हें ज्याला समजलें नाहीं, त्याला पश्चात्ताप होत नाहीं. त्याच्या मनांत संशय तेवढा उरतो. आणि संशयाला पुराव्याची गरज लागत नसल्यामुळें त्याचें आयुष्य फार मोठें असतें.

ही अगम्यता हरलेल्यांच्याच वांट्याला आली असें नाहीं. जॅक व बॉबी चार्लटन ह्या इंग्रज बंधूंना त्याच सामन्यांत ताकीद मिळाल्याचें वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें, आणि ती बातमी त्यांना स्वतःलाच नवी होती! खरें काय ह्याची इंग्रज संघाला पुढें चौकशी करावी लागली. नव्वद हजार लोकांसमक्ष दिलेली ताकीद ज्याला दिली त्यालाच कळूं नये, ह्याहून निवाड्याची मोठी विटंबना ती कोणती?

केन अॅस्टन हे पेशानें शिक्षक होते. स्वतः पंच असतांना १९६२ सालीं चिलीच्या सांतियागो शहरांत चिली विरुद्ध इटली हा मारामारीबद्दल कुप्रसिद्ध झालेला सामना त्यांनींच चालविला होता. वेंब्लेच्या प्रकारानंतर लंडनच्या रस्त्यानें मोटार हांकीत जात असतां चौकावरचा दिवा पिवळा झाला, मग तांबडा झाला, आणि त्यांच्या मनांत विचार आला : हे दिवे कोणतीहि भाषा बोलत नाहींत, तरी सर्वांना समजतात, पिवळा म्हणजे जपून, तांबडा म्हणजे थांब. मग पंचाच्या खिशांत अशाच दोन रंगांचीं कार्डें कां नसावींत? ही गोष्ट त्यांनींच पुढें सांगितली आहे. १९७० सालीं मेक्सिकोंत भरलेल्या विश्वचषकाच्या स्पर्धेंत हीं कार्डें प्रथम आलीं. त्या स्पर्धेंत लाल कार्डाचा प्रसंगच आला नाहीं. १९७४ सालीं चिलीच्या कार्लोस कास्झेली ह्यास तो पहिला मान मिळाला. आज जगांतील कोणत्याहि खेड्यांतल्या पोराला त्या दोन रंगांचा अर्थ शिकवावा लागत नाहीं.

कार्डामुळें न्याय अचूक झाला, असें आम्ही म्हणत नाहीं. ता. २२ जून १९८६ रोजीं मेक्सिको शहरांत माराडोनानें हातानें चेंडू जाळ्यांत ढकलला, तो पंचांना दिसला नाहीं, आणि ह्याच दोन राष्ट्रांचा वाद नव्यानें पेटला. मध्यंतरीं १९८२ सालीं फॉकलंड बेटांवरून त्यांच्यांत युद्धहि होऊन गेलें होतें. तरी पण एक फरक विचार करण्यासारखा आहे. ता. ३० जून १९९८ रोजीं फ्रान्समध्यें सँ-एतिएन येथें पुनः ह्याच दोन संघांचा सामना झाला. खालीं पडलेल्या डेव्हिड बेकहॅमनें प्रतिपक्षाच्या सिमेओनेला लाथ लगावली. पंचांनीं लाल कार्ड दाखविलें. इंग्लंडचे दहा जण शेवटपर्यंत झुंजले, बरोबरी २–२ अशी झाली, आणि पेनल्टीच्या फटक्यांत इंग्लंड ४–३ असें हरलें. लोकांचा संताप एवढा कीं, लंडनमध्यें एका मद्यगृहाबाहेर बेकहॅमची प्रतिमा फासावर लटकविण्यांत आली. पण त्याला काय म्हणून घालविलें, ह्याविषयीं कोणाच्या मनांत संदेह नव्हता. अपराध स्पष्ट होता, म्हणून त्याचें परिमार्जनहि शक्य झालें. ता. ७ जून २००२ रोजीं जपानांतील साप्पोरो येथें त्याच अर्जेंटिनाविरुद्ध त्याच बेकहॅमनें पेनल्टीवर एकमेव गोल केला, आणि चार वर्षांचा राग एका फटक्यासरशीं निवला. कळलेल्या शिक्षेचा सल चार वर्षांत गेला. न कळलेल्या शिक्षेचा अर्ध्या शतकानंतरहि गेला नाहीं.

हें सर्व आम्ही फुटबॉलच्या प्रेमानेंच लिहीत आहों असें वाचकांनीं समजूं नये. प्रत्येक कुटुंबांत वडीलधारीं माणसें दिवसांतून दहा वेळां पंचाचें काम करितात. मुलांचा गलबला ऐकून बाप बाहेर येतो आणि एकाला म्हणतो, “तूं चल आंत.” कां, तें सांगण्यास त्याला सवड नसते, पोरानें विचारलें, तर तें विचारणेंच उद्धटपणाचें ठरतें. सासूचा अबोला, थोरल्या भावाचा कटाक्ष, शिक्षकाचा “उभा राहा” एवढाच हुकूम, ह्या साऱ्या शिक्षा क्राइटलाइनच्या उंचावलेल्या हातासारख्याच आहेत. देणाऱ्याला त्यांचा अर्थ स्पष्ट असतो; घेणारा मात्र मनांतल्या मनांत दुभाषी शोधीत राहतो. तीं मुलें मोठीं होतात, वडिलांची माया विसरत नाहींत हें खरें, पण तो एक प्रसंगहि विसरत नाहींत. आणि तो आपल्या मुलांना सांगतांना निम्माच सांगतात.

शिक्षा करूं नये असा आमचा आग्रह नाहीं. खेळाला पंच हवा, घरालाहि हवा. पण ज्याला बाहेर जावयाचें, त्याला तें कां, हें कळेल अशा भाषेंत सांगणें, हें पंचाचें पहिलें कर्तव्य आहे. आणि लाल रंगापूर्वीं एकदां पिवळा दाखवावा, एवढी सवलत तर परक्या खेळाडूलाहि मिळते. ती घरच्या मुलाला नाकारूं नये.