साथीत रेशन पोचलं. म्हाताऱ्यांच्या ताटाचं काय?

बीड : मार्च २०२० मध्ये कोरोनाची टाळेबंदी लागली तेव्हा ऊसतोडीचा हंगाम संपत आला होता. वडवणी, धारूर, पाटोदा, आष्टी भागातले मजूर कारखान्यांवरच अडकून पडले. गावात उरले आजी-आजोबा आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली नातवंडं. आठवडी बाजार बंद, एसटी बंद. वर ६५ वर्षांपुढच्यांनी घराबाहेर पडू नये, अशी सरकारची सूचना. मग भाजी कोण आणणार, दळण कोण नेणार, याचं उत्तर त्या सूचनेत नव्हतं.

धान्य आलं, हे मान्य करायलाच हवं. एप्रिल २०२० पासून प्रधानमंत्री गरीब कल्याण अन्न योजनेत माणशी ५ किलो धान्य जादा आणि फुकट मिळालं. सोबत दर कुटुंबाला महिन्याला १ किलो डाळ. पण डाळ मिळाली ती नोव्हेंबर २०२० पर्यंतच. दुसऱ्या लाटेत, मे २०२१ मध्ये, योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा गहू-तांदूळ आला, डाळ आली नाही.

आता थोडा हिशेब. महिन्याला १ किलो म्हणजे अख्ख्या घराला रोज जेमतेम ३३ ग्रॅम डाळ. त्यातून मिळणारी प्रथिनं साधारण ७ ग्रॅम, तीही सगळ्यांत वाटून. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात. ५० किलोच्या म्हातारीला ४१-४२ ग्रॅम. गहू-तांदळातून काही भाग मिळतो, पण त्यासाठी पोटभर खावं लागतं. दात पडलेली, तोंडाची चव गेलेली बाई अर्धी पोळी खाऊन उठते. शिवाय वाटीतली डाळ आधी नातवाच्या ताटात जाते, हे कुठल्या सर्वेक्षणात शोधायची गरज नाही.

वय झाल्यावर आजारपणात आठ-दहा दिवस खाणं तुटलं की मांड्या-दंडाचं मांस झपाट्यानं उतरतं. ताप जातो, पण माणूस खाटेवरून उठत नाही. घरच्यांना वाटतं, वय झालं. पुष्कळदा ती उपासमार असते.

लहान मुलांची नोंद अंगणवाडीत आहे. गरोदर बाईची आहे. शाळा बंद होत्या तेव्हाही पोरांच्या खिचडीचं कोरडं धान्य पालकांना वाटलं गेलं, कारण पटावर नावं होती. म्हाताऱ्यांचा असा पट नाही. त्यांची नावं रेशनकार्डावर आणि पगाराच्या (श्रावणबाळ, निराधार) यादीत. तिथं वय दिसतं, पण कोण एकटं राहतं आणि कोणाला शिजवून घालणारं कोणी नाही, हे दिसत नाही.

पाच रुपयांची शिवभोजन थाळी चांगली होती, दुसऱ्या लाटेत ती मोफतही झाली. पण केंद्रं शहरांत आणि तालुक्याच्या गावी. वाडीवरचा म्हातारा तिथवर जाणार कसा?

अंगठ्याचंही तेच. शेतात राबून बोटांच्या रेषा पुसलेल्या, मशीन ओळखत नाही. कोरोनाकाळात राज्यानं दुकानदाराच्याच अंगठ्यावर धान्य देऊ दिलं, म्हणजे मनात आणलं तर होतं. अंगठा जुळत नाही म्हणून धान्य नाकारू नका, असं केंद्रानं २०१७ मध्येच राज्यांना कळवलं आहे. दुकानदारानं परत पाठवलं तर तहसीलच्या पुरवठा शाखेत लेखी तक्रार करता येते.

१ जानेवारी २०२४ पासून पाच वर्षं रेशनचं धान्य मोफत आहे. श्रावणबाळचे हजाराचे दीड हजार झाले. पण दीड हजारात गोळ्या, दळण, तेल आणि डाळ बसवायची, आणि पैसे दोन महिने लांबले की पहिली काट डाळीलाच लागते. साथीच्या काळात पैसे वेळेवर आणि बँक मित्रामार्फत दारात मिळाले, तर एखाद्या नव्या योजनेपेक्षा त्याचा उपयोग जास्त होईल.

घरात करण्यासारखंही आहे आणि त्याला फार खर्च नाही. मुगाची पातळ खिचडी, हुलग्याचं माडगं, आमटीत कुस्करलेली भाकरी, शेंगदाण्याचं कूट, शेवग्याचा पाला, जमेल तसं दूध नाहीतर अंडं. एकदम ताटभर नको, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं. तहान लागत नाही म्हणाले तरी पाणी-ताक द्यावं. किडनीचा त्रास असेल तर डाळ किती आणि पाणी किती, हे डॉक्टरांना विचारूनच. बांगड्या, धोतर, चोळी अचानक सैल झाली तर आशाताईला सांगावं.

आणि गावानं करायचं काम एका वहीचं आहे. कोण एकटं, कोणाकडं शिजवणारं नाही, कोणाला चावता येत नाही, शेजारी लक्ष कोण ठेवणार, एवढं ग्रामपंचायतीनं आशाताईकडून लिहून घ्यावं. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या ऊसतोडीला निघतात. ही वही त्याआधी, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत झाली तरच उपयोग. नंतर सांगायला घरात तरणं माणूस नसतं.