टाच दुखते, म्हणून मूल लंगडते

पावसाळा सरत आला, की राहाता तालुक्यातील शाळांच्या मैदानांवर खो-खो नि कबड्डीचा सराव जोर धरतो. आषाढात चिखलाने मऊ असलेली काळी जमीन वाळून टणक होते आणि याच सुमारास दहा-बारा वर्षांची मुले टाच दुखत असल्याची तक्रार घरी घेऊन येतात. खेळताना दुखते, विसाव्याने कमी होते. सूज सहसा दिसत नाही, म्हणून ‘सरावाचा कंटाळा आला असेल’ असा शिक्का बसतो. तो अन्यायाचा आहे.

टाचेच्या हाडाचा मागचा भाग जन्मतः हाडाचा नसतोच. तेथे अस्थीचे स्वतंत्र केंद्र साधारण सातव्या-आठव्या वर्षी दिसू लागते आणि पंधराव्या वर्षाच्या आसपास मुख्य हाडाशी एकजीव होते. तोवर मध्ये वाढती, कोवळी कूर्चा असते. उंची झपाट्याने वाढू लागली, की पोटरीचे स्नायू ताणलेले राहतात आणि त्यांचा जाड कंडरा प्रत्येक उडीसरशी याच जागेला ओढ देतो. जेम्स सेव्हर या अमेरिकी डॉक्टरांनी १९१२ मध्ये याचे वर्णन केले. ‘सेव्हर्स डिसीज’ या नावाने पालक घाबरतात. वस्तुतः हा रोग नव्हे, वाढ पूर्ण होताच तो थांबतो. टाच दोन्ही बाजूंनी दाबताच मूल कळवळले, तर निदान बहुधा तेथेच होते.

उपाय साधे आहेत, पण चिकाटी हवी. धावणे-उड्या काही आठवडे कमी कराव्यात, खेळानंतर बर्फाने शेकावे, पोटरी ताणण्याचे व्यायाम रोज करावेत आणि बुटात टाचेखाली मऊ गादी ठेवावी. अनवाणी सरावाचे आपल्याकडे कौतुक असते. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविणाऱ्या नाशिक जिल्ह्यातील कविता राऊत यांचे उदाहरण हमखास दिले जाते. दुखऱ्या टाचेच्या मुलाला मात्र ते लागू करू नये.

घोटा मुरगळल्यावर अधिक सावध राहावे. वाढत्या वयात अस्थिबंधापेक्षा कूर्चा कमजोर असते. जिला आपण लचक समजतो, ती वाढीच्या जागेची मोडही असू शकते. दुखणे नेमके हाडावर असेल, पाय टेकवत नसेल, तर चोळू नये, हाडवैद्याकडून ओढूनही घेऊ नये. लोणीचे प्रवरा रुग्णालय तालुक्यातच आहे. तेथे अथवा जवळच्या अस्थिरोगतज्ज्ञाकडे न्यावे. रात्री झोपेतून उठविणारी वेदना, ताप किंवा लाल सूज असल्यास त्याच दिवशी. पहिल्या क्ष-किरण चित्रात अशी मोड कधीकधी दिसत नाही. दुखणे कायम राहिल्यास दहा-चौदा दिवसांनी पुन्हा तपासणी करून घ्यावी.