आधी फूटपट्टी आणा

गेल्या दिवाळीत मालवणहून मावसभावाचा फोन आला. त्याने कर्ज काढून पर्यटकांसाठी फायबरची बोट घेतली आहे. "दादा, इंजिन नवीन आसा, पण बोट काय पळणा नाय." शिवाय मागून पाणी उडून गिऱ्हाइकं भिजतात, सुकाणू जड लागतं, पेट्रोल तर विचारूच नका. विकणाऱ्याच्या माणसाने दोन उपाय सुचवले होते: अजून मोठं इंजिन घ्या, नाहीतर हायड्रॉलिक जॅक प्लेट बसवा. दोन्हीची किंमत ऐकून मी इथे कार्डिफमध्ये गार पडलो. पुढे भाऊ म्हणाला, "तू पाण्यातच डॉक्टर झालंस मां? मग सांग, काय घेव?"

मी म्हटलं, "काही घेऊ नकोस. आधी फूटपट्टी आण."

ज्यांचा बोटीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. आउटबोर्ड इंजिन बोटीच्या मागच्या आडव्या फळीवर टांगलेलं असतं. जॅक प्लेट म्हणजे फळी आणि इंजिन यांच्यामध्ये बसणारा एक सरकता सांगाडा. बटण दाबलं की पंप तेल ढकलतो, दट्ट्या सरकतो आणि अख्खं इंजिन सरळ वर किंवा खाली जातं. इंजिन तिरकं करण्याची सोय वेगळी. त्याने कोन बदलतो. जॅक प्लेटने बदलते ती उंची.

उंचीने काय होतं? इंजिन फार खाली असलं तर त्याचा पाय पाण्यात विनाकारण खोल बुडतो आणि बोट तो ओढत बसते. वेग दुप्पट झाला की हा विरोध साधारण चौपट होतो. फार वर असलं तर पंखा पृष्ठभागावरची हवा खाऊ लागतो. इंजिन किंचाळतं, बोट मात्र पुढे जात नाही. त्याहून वाईट म्हणजे थंड पाणी ओढायची भोकं उघडी पडतात आणि इंजिन तापून जळतं. पंख्याच्या वर एक आडवी पट्टी असते. साध्या बोटीत ती बोटीच्या तळाच्या रेषेत आणायची आणि तिथून पुढे एकेक पायरी वर-खाली करून बघायचं. बस्स. एवढंच ते शास्त्र.

आता माझी फजिती. इथे आल्यावर पहिल्याच वर्षी एका मित्राची बोट अशीच रडत होती. मी मोठ्या उत्साहाने लॅपटॉप उघडला आणि पंख्याभोवतीच्या प्रवाहाचं गणित मांडायला बसलो. क्लबातले एक निवृत्त मेकॅनिक आले. त्यांनी एक सरळ लाकडी पट्टी बोटीच्या तळाला लावून मागे इंजिनापर्यंत नेली, वाकून बघितलं आणि पाना मागितला. वीस मिनिटांत काम झालं. माझं जाळं अजून संगणकावर आखूनही झालं नव्हतं! प्रवाहशास्त्रात डॉक्टरेट करायला निघालेला मी, पण तोवर एकदाही बोटीखाली वाकून बघितलं नव्हतं.

आणि माझं भांडण नेमकं इथेच आहे, तेही आपल्याशी, म्हणजे शिकलेल्या मराठी इंजिनियरांशी. आपण गणित करतो. वाकून बघणं हे 'त्यांचं' काम. 'ते' म्हणजे मेस्त्री, फिटर, तांडेल. वर्कशॉपच्या तासाला कानस कशी टाळली याच्या गमती आपण संमेलनात अभिमानाने सांगतो. याचा परिणाम असा, की ज्याला कारण कळतं तो किनाऱ्यावर जात नाही, आणि किनाऱ्यावरच्याला कारण कुणी सांगत नाही. मधली जागा विकणारा भरून काढतो, आणि त्याच्याकडे प्रत्येक दुखण्यावर एकच औषध असतं: अजून हॉर्सपॉवर.

तुम्ही म्हणाल, तिकडे साहेबाकडे पैसा आहे, सोयी आहेत. मग हे ऐका. कार्डिफपासून पश्चिमेला तासाभराच्या आत सेंट डोनाट्स नावाचा किल्ला आहे. तिथे १९६२ साली अटलांटिक कॉलेज सुरू झालं. पहिले मुख्याध्यापक होते निवृत्त रिअर अॅडमिरल डेस्मंड होअर. आपली फुगवलेली रबरी होडी किनाऱ्यावर घासून फाटते, म्हणून त्यांनी आणि त्यांच्या शाळकरी पोरांनी तिला कडक तळ बसवून बघितला. मोडला, पुन्हा केला, वर्षानुवर्षं. त्यातून आज जगभरचे बचावपथकं आणि नौदलं वापरतात ती कडक तळाची रबरी बोट घडली. ब्रिटनच्या आरएनएलआय या बचावसंस्थेने १९७२ साली सेवेत घेतलेल्या बोटीला 'अटलांटिक २१' हे नाव या कॉलेजवरूनच मिळालं. पेटंट होअरनी संस्थेला एका पौंडाला देऊन टाकलं. नौदलातला एवढा मोठा अधिकारी सोळा-सतरा वर्षांच्या पोरांबरोबर हात काळे करत होता. आपल्याकडे किती प्राचार्य करतील?

जॅक प्लेट वाईट आहे असं मी म्हणत नाही. उथळ खाडीत, वाळूच्या दांड्यावरून जाताना चालत्या बोटीत इंजिन चार बोटं उचलता येणं फार मोलाचं. पण ती इंजिनाला फळीपासून मागे ढकलते. मग तेच वजन लांबच्या टोकाला लटकतं आणि फळीवरचा ताण वाढतो. आपल्या बोटींच्या फळ्या तो सोसतील का, हे विकणारा बघतो का? आणि उंची किती हवी हेच ठाऊक नसेल तर बटण दाबून करणार काय? शांत तलावात जी उंची उत्तम, तीच समुद्रात लाटेवर पंखा उघडा पाडते. इथे कार्डिफ बेला १९९९ साली बंधारा पुरा झाला, आत गोड्या पाण्याचं तळं झालं. बंधाऱ्याबाहेर मात्र ब्रिस्टलची खाडी, मोठ्या उधाणाला बारा मीटरच्या आसपास भरती-ओहोटीचा फरक. आत लावलेली उंची बाहेर टिकत नाही, हे इथली पोरंसुद्धा जाणतात.

असो. भावाने पट्टी लावून मोजलं. इंजिनं ठरावीक मापांत येतात: फळीची उंची पंधरा, वीस किंवा पंचवीस इंच धरून. भावाचं इंजिन वीसचं. त्याच्या बोटीची फळी कारागिराने नजरेने केलेली, साडेसतरा इंच! म्हणजे इंजिन अडीच इंच जास्त बुडालेलं. कंसाची भोकं पाऊण-पाऊण इंचावर असतात. मी सांगितलं, एकेक भोक वर घे, दर वेळी त्याच भारात, जाऊन-येऊन दोन्ही दिशांना मोबाइलवर वेग बघ, थंड पाण्याची धार बघ, इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकव आणि चाचणी मोकळ्या पाण्यात कर, गिऱ्हाइकं घेऊन नव्हे. १८ डिसेंबर २०२४ ला मुंबई बंदरात इंजिनाची चाचणी घेणारी नौदलाची बोट 'नीलकमल'वर आदळली आणि पंधरा माणसं गेली. चाचणी कुठे घ्यायची हाही तंत्राचाच भाग आहे.

तिसऱ्या भोकावर वळताना पंखा हवा खाऊ लागला, म्हणून तो दुसऱ्यावर परत आला. पाणी उडायचं थांबलं, सुकाणू हलकं झालं. खर्च शून्य. पेट्रोल किती वाचतंय ते वहीत लिहायला सांगितलंय. हंगाम संपला की आकडे मी इथे मांडेन, वाईट निघाले तरी.

पण त्याच धक्क्यावर अजून किती बोटी उभ्या असतील? मालवण, वेंगुर्ला, रत्नागिरी, अलिबाग, सगळीकडे जवळपास इंजिनियरिंगची कॉलेजं आहेत. शेवटच्या वर्षाचे प्रकल्प विकत मिळतात हे आपल्याला ठाऊक आहे. त्याऐवजी चार पोरांनी एक पट्टी, एक पाना आणि एक वही घेऊन धक्क्यावर एक रविवार घालवला तर? तांडेल त्यांना चहा पाजेल, आणि बहुतेक दोन गोष्टी शिकवेलही.

मास्तर गुण देतील की नाही ते मात्र सांगता येत नाही.