राखणीच्या श्वानाचे वीर्यजतन

परंडा तालुक्यातील सोनारी हे काळभैरवनाथाचे स्थान. भैरवाचे वाहन श्वान. परंतु त्याच परिसरात मेंढरांची व उस्मानाबादी शेळ्यांची राखण करणाऱ्या श्वानाच्या वंशाकडे फारसे लक्ष दिले जात नाही. जिल्ह्यातील माळरानांवर लांडगा अद्यापि आहे. अशा ठिकाणी धीट व कळपाशी इमानी असा एखादा नर पिल्ले न ठेवता मेला, तर त्याचे गुणही त्याच्याबरोबर जातात.

श्वानांतील कृत्रिम रेतन नवीन नव्हे. इटलीतील शास्त्रज्ञ स्पालांझानी यांनी १७८० च्या सुमारास ते यशस्वी केले. त्या मादीला ६२ दिवसांनी तीन पिल्ले झाली. गोठविलेल्या वीर्यापासून पिल्ले होण्यास मात्र १९६९ साल उजाडावे लागले.

गाईम्हशींच्या रेतनासाठी द्रवरूप नत्राची पात्रे ग्रामीण भागात पोहोचली आहेत. तेव्हा त्यांतच श्वानांचेही वीर्य उणे १९६ अंशांवर सर्रास ठेवावे, असे कोणी म्हणेल. ते युक्त नव्हे. वळूच्या एका संकलनातून शेकडो कांड्या भरतात. श्वानाच्या संकलनातून थोड्याच माद्यांपुरते वीर्य गोठविता येते. शिवाय मादीच्या शरीरात ताजे शुक्राणू पाच-सहा दिवस टिकतात, तर गोठवून वितळविलेले जेमतेम एक दिवस. त्यातच मादीचे बीज सुटल्यावर पक्व होण्यास सुमारे दोन दिवस लागतात. ही वेळ साधावयाची तर रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासणे आले, आणि वीर्य थेट गर्भाशयात सोडणारा कुशल हातही हवा. खेड्यात हे दोन्ही दुर्मिळ.

नर व मादी एकाच गावात असतील तर नैसर्गिक संयोगच बरा. ब्रुसेला रोगाची तपासणी तेवढी आधी व्हावी. नर दूर असेल तर थंड केलेले वीर्य पुरेसे आहे. शुक्राणूंचा मधला अंश घेऊन त्यात अंड्याचा बलक व शर्करायुक्त विरलक मिसळावे आणि ते हळूहळू ४ ते ५ अंशांवर आणावे. मग ते एक-दोन दिवस उपयोगी पडते. नळी बर्फाला थेट लावू नये. एकाएकी बसलेल्या थंडीने शुक्राणू मरतात.

गोठवण हवी ती निवडक नरांची, आणि ती उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयासारख्या ठिकाणी. नर प्रदर्शनातील डौलावरून निवडू नये, मेंढपाळास विचारून निवडावा. ग्रामसेवकांनी एक वही घालावी : श्वानाचे वय, त्याचे आईबाप, मालकाचे गाव, आणि लांडगा आला त्या रात्री त्याने काय केले.