बालेवाडीत सामना, घर भोरला: रात्री परतायचं कसं?

पुण्यात प्रो कबड्डीचे सामने भरतात ते बालेवाडीच्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात. भोर-वेल्ह्याच्या चाहत्यांना तिकीट मोबाइलवर मिळतं. खरा प्रश्न परतीचा आहे.

सामने रात्रीच का?
टीव्हीमुळे. लोक घरी असतात ती वेळ धरून सामने साधारण ८ आणि ९ वाजता ठेवतात. मध्यंतर, टाइमआउट धरले तर दुसरा सामना संपेपर्यंत दहा वाजतात.

बंदिस्त हॉलच का?
मॅटला पाऊस चालत नाही. शिवाय २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकरला बंदी आहे, पण बंदिस्त सभागृहात आतल्या आत आवाज चालतो. म्हणून गाण्याच्या कार्यक्रमांनाही असे हॉल सोयीचे पडतात.

अडचण कुठे?
बालेवाडी पुण्याच्या एका टोकाला, भोर-वेल्हे दुसऱ्या बाजूला सुमारे ५० किलोमीटरवर. सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत जाते, पुढे एसटीच. महिलांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, पण त्या वेळी गाडी असेल तरच त्याचा उपयोग. नाहीतर रात्रीचा घाटरस्ता दुचाकीवर, किंवा भाड्याची गाडी.

मग उपाय?
गावातल्या मंडळाने मिळून एसटी प्रासंगिक करारावर घेता येते. आषाढीला, जत्रांना महामंडळ जादा गाड्या सोडतंच. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी उभारलेलं हे संकुल सरकारी आहे. मग सामन्यांच्या रात्रीही तशी एक गाडी मागायला काय हरकत आहे?