शेताला कर नाही, मग म्हातारपणी विकलेल्या घराला का?



लागण, बेणे, खोडव्यातली पाचट हे आमचे नेहमीचे विषय. पण नोंदीसाठी शिवारात फिरताना हल्ली वयस्क सभासद एक वेगळाच प्रश्न विचारतात. मुलांच्या शिक्षणासाठी एके काळी तालुक्याला घर बांधले. मुले पुण्या-मुंबईला नोकरीला लागली. घरात दोघे म्हातारा-म्हातारी उरली, जिना चढवत नाही. विकून मुलाकडे जावे म्हटले तर कोणीतरी सांगतो की कर भरावा लागेल. मग सभासद म्हणतात, "अहो साहेब, शेत विकले तर कर नाही म्हणता, मग घरालाच कसा?"

प्रश्न रास्त आहे. आयकराच्या कायद्यात ग्रामीण शेतजमीन ही भांडवली मालमत्ता धरतच नाहीत. नगरपालिकेच्या हद्दीबाहेर, लोकसंख्येप्रमाणे २, ६ किंवा ८ किलोमीटरपलीकडे जमीन असली की तिच्या विक्रीच्या नफ्यावर कर नाही. ही सूट जमिनीची आहे, घराची नव्हे. तालुक्याचे घर सोडाच, गावठाणातले घरसुद्धा मालमत्तेत धरले जाते.

हिशेब कसा होतो ते पाहू. घर २००१ पूर्वीचे असेल तर मूळ खर्चाऐवजी १ एप्रिल २००१ ची किंमत धरता येते. मात्र त्या तारखेच्या सरकारी मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त नाही. समजा ती किंमत ६ लाख आली आणि घर २०२५-२६ मध्ये ४५ लाखांना गेले. नफा ३९ लाख, त्यावर साडेबारा टक्क्यांनी कर ४ लाख ८७ हजार ५००. पण घर २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेले असल्याने जुनी रीतही लावून बघता येते. त्या वर्षाच्या महागाई निर्देशांकाने, म्हणजे ३७६ ने, ६ लाखांचे २२ लाख ५६ हजार होतात. उरलेल्या २२ लाख ४४ हजारांवर २० टक्क्यांनी ४ लाख ४८ हजार ८००. जो कर कमी तोच भरायचा. वर ४ टक्के उपकर. बारीकसारीक सवलती सोडल्या तरी रक्कम लहान नाही. एवढ्यात एखाद्याचे गुडघ्याचे ऑपरेशन निघते.

सवलत आहे, नाही असे नाही. विक्रीच्या आधी वर्षभरात किंवा नंतर दोन वर्षांत दुसरे राहते घर घेतले, किंवा तीन वर्षांत बांधले, तर तेवढ्या नफ्यावर कर लागत नाही. १९६१ च्या कायद्यात हे कलम ५४ होते. २०२५ चा नवा कायदा १ एप्रिल २०२६ पासूनचा, त्यात कलमांचे आकडे बदलले. दुसरी वाट ठरावीक सरकारी कंपन्यांच्या रोख्यांची. सहा महिन्यांत ५० लाखांपर्यंत गुंतवायचे आणि पाच वर्षे हात लावायचा नाही. त्यावर कर्जही काढायचे नाही, आणि व्याजावर कर आहेच.

आमचा आक्षेप इथेच आहे. पंचाहत्तरीचा माणूस घर विकतो तो दुसरे घर घ्यायला नव्हे. एकट्याने घर सांभाळणे होत नाही म्हणूनच तो विकतो. त्याला कायदा सांगतो, घर घे, नाहीतर पाच वर्षे पैसे अडकवून ठेव. दवाखाना पाच वर्षे थांबतो काय? चाळिशीतला धडधाकट माणूस लहान घर विकून मोठे घेतो त्याला पूर्ण सूट, आणि काठी टेकत मुलाकडे निघालेल्याला कर. भांडवली नफ्याच्या दरात वयाची म्हणून वेगळी सवलत मुळीच नाही.

दुसऱ्या देशांनी याचा विचार केलेला आहे. अमेरिकेत १९९७ पर्यंत पंचावन्न वर्षांवरील माणसाला राहते घर विकताना आयुष्यात एकदा सव्वा लाख डॉलर नफ्यापर्यंत सूट होती, नवीन घर घ्या अशी अट न घालता. १९९७ मध्ये तर वयाची अट काढून सूट अडीच लाख डॉलर केली.

कोणी म्हणेल, असे केले तर धनवान लोक म्हाताऱ्या आईच्या नावावर फ्लॅट घेऊन ठेवतील. घेतील, आपली माणसे हुशार आहेत! पण त्यावर तोड आपल्याच जुन्या कायद्यात सापडते. १९८२ च्या दुरुस्तीपूर्वी विक्रीच्या आधीची दोन वर्षे मालक किंवा त्याचे आईवडील त्या घरात राहत असावेत अशी अट होती. ती पाच वर्षांची करा, वय साठ ठेवा, सूट एकदाच द्या. तेही जड जात असेल तर निदान ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत घातलेली रक्कम रोख्यांप्रमाणे करमुक्त धरा. त्या योजनेची मर्यादा २०२३ मध्ये १५ वरून ३० लाख झाली आहे आणि व्याज दर तीन महिन्यांनी हातात येते. रस्त्याच्या आणि रेल्वेच्या रोख्यांना सूट चालते, मग म्हाताऱ्याच्या पोटापाण्याच्या ठेवीला का चालू नये?

वार्षिक सर्वसाधारण सभेत या अर्थाचा ठराव कोणी सभासदाने मांडावा आणि तो दिल्लीला आपल्या खासदारांकडे पाठवावा, असे आम्हाला वाटते.

तोवर ज्यांचा व्यवहार ठरत आला आहे त्यांनी इसार घेण्याआधी २००१ चे मूल्यांकन काढून हिशेबनिसाकडून दोन्ही रीतींनी कर मांडून घ्यावा. खरेदीखतात किंमत कमी दाखवू नये. सरकारी मूल्यापेक्षा दहा टक्क्यांहून खाली गेलात तर कर सरकारी मूल्यावरच बसतो. आणि नवे घर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत मिळाले नाही तर नफ्याची रक्कम साध्या बचत खात्यात न ठेवता बँकेत भांडवली नफ्याचे वेगळे खाते काढून त्यात भरावी.