बर्फाचा नाताळ आणि सांगोल्याचा गोठा

आगमनकाळ सुरू झाला की ‘नाताळात सहकुटुंब पाहावयाचे चित्रपट’ अशा याद्या आपल्या घराघरांतून फिरू लागतात. पूर्वी त्या इंग्रजी नियतकालिकांतून येत, आता मोबाईलवर येतात. नावे मात्र फारशी बदलत नाहीत. सारे चित्रपट इंग्रजी. साऱ्यांत पांढरेशुभ्र बर्फ, भिंतीतली शेकोटी आणि झाडाखाली रचलेला भेटवस्तूंचा ढीग. काही धर्मग्रामांच्या सभागृहांतही मध्यरात्रीच्या मिस्सानंतरच्या आठवड्यात पडदा लावून हेच चित्रपट दाखविले जातात. या प्रथेला माझा स्पष्ट विरोध आहे.

हा विरोध चित्रपटाला नाही. अकरावे पायस यांनी १९३६ साली चित्रपट या एकाच विषयावर परिपत्रक काढले, आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली समाजसंपर्काच्या साधनांवर स्वतंत्र हुकूमनामा प्रसिद्ध केला. ख्रिस्तसभेने या कलेकडे पाठ फिरविलेली नाही. प्रश्न इतकाच आहे की नाताळच्या रात्री आपल्या मुलांच्या डोळ्यांसमोर आपण कोणाचे घर ठेवतो.

सांगोला हा माणदेशातील दुष्काळी तालुका. येथे पावसाचाच भरवसा नाही, तेथे बर्फाची गोष्ट कशाला! परंतु येथल्या माळावर धनगर मेंढरे घेऊन उतरतात, वाघर लावतात आणि रात्री कळपाची राखण करतात. संत लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळ कोण होते हे येथल्या मुलाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. नाताळच्या दिवसांत आपल्या जिल्ह्यातील साखर कारखान्यांचा हंगाम भरात असतो, आणि फडाच्या कडेला ऊसतोड मजुरांच्या कोप्या उभ्या असतात. दिवस भरत आलेली बाई घर सोडून परमुलखात आली आहे आणि तिला नीट निवारा नाही, ही बेथलेहेमची कथा येथून हाकेच्या अंतरावर घडत असते. ज्या मुलाच्या परसात गोठा आणि गव्हाण आहे, त्याला आपण तीन तास बर्फ दाखवितो आणि म्हणतो, बघ, हा नाताळ! ते मूल त्यातून एकच धडा घेते: खरा नाताळ दुसरीकडे कोठेतरी साजरा होतो, श्रीमंतांच्या घरी आणि इंग्रजीत. मग बाप उसनवारी करून प्लॅस्टिकचे झाड आणतो, त्यावर कापसाचे बर्फ पसरतो, आणि परसातल्या गोठ्याची लेकराला लाज वाटू लागते. परमेश्वराने ज्या जागेची निवड केली, त्याच जागेची लाज!

याची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. आपला धर्म परका आहे, साहेबाचा आहे, हा आरोप आपण वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली ‘ख्रिस्तपुराण’ सिद्ध केले. जन्माने इंग्रज असलेल्या त्या धर्मगुरूने प्रभूची कथा मराठी ओवीत सांगितली. आणि जन्माने मराठी असलेले आपण चारशे वर्षांनंतर तीच कथा पुन्हा विलायतेत नेऊन ठेवीत आहोत. आरोप करणाऱ्याच्या हाती पुरावा आपणच देत आहोत.

कोणी म्हणेल, फादर, हे चित्रपट निर्मळ आहेत; मुले चार घटका हसतात, त्यात काय बिघडले? निर्मळ आहेत हे मान्य. ‘होम अलोन’ (१९९०) मध्ये चुकून घरी एकट्या राहिलेल्या मुलाची धमाल आहेच; पण त्यात नाताळच्या आदल्या सायंकाळी चर्चमध्ये तो मुलगा आणि मुलाशी अबोला धरलेला एक वृद्ध शेजारी यांची भेटही आहे. ते दृश्य मोलाचे आहे. मात्र सभागृहातून बाहेर पडताना मुलांच्या तोंडी चोरांची फजिती आणि ते प्रचंड घर असते, तो वृद्ध नसतो.

दुसरे कोणी म्हणेल, ही परंपरा आहे. परंपरा कशी घडली ते ऐका. ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ हा फ्रँक काप्रा यांचा चित्रपट १९४६ च्या डिसेंबरात आला आणि त्याने घातलेला पैसाही परत मिळविला नाही. १९७४ साली त्याच्या स्वामित्वहक्काचे नूतनीकरण करावयाचे राहून गेले. फुकट दाखविता येतो म्हणून अमेरिकेतील दूरचित्रवाणी केंद्रांनी तो दर नाताळात पुनःपुन्हा दाखविला, आणि तो ‘नाताळचा चित्रपट’ झाला. हे वाचून त्या चित्रपटाची किंमत माझ्या लेखी कमी होत नाही. कर्जाच्या फासात सापडून जीव द्यावयास निघालेला एक भला गृहस्थ आणि त्याच्यासाठी पदरचे पैसे घेऊन धावलेले गाव, अशी ती कथा आहे. कर्ज म्हणजे काय हे सांगोल्यास कोणी शिकवावयास नको. या कथेचा प्राण तो आहे, बर्फ नव्हे. आपण बर्फ उचलले आणि प्राण तेथेच ठेवला.

मग पाहावे काय? उत्तरासाठी फार लांब जावयास नको. १९१०-११ च्या सुमारास मुंबईच्या अमेरिका-इंडिया पिक्चर पॅलेसमध्ये दादासाहेब फाळके यांनी ख्रिस्तचरित्रावरील मूकपट पाहिला. तो दिवस नाताळचा की ईस्टरचा याविषयी मतभेद आहेत. पुढे काय झाले याविषयी नाहीत. पडद्यावर ख्रिस्त पाहताना त्यांच्या मनश्चक्षूंसमोर राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यांनी पत्नी सरस्वतीबाईंनाही तो मूकपट दाखविला, आणि १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. आपल्या देशाच्या चित्रपटसृष्टीचा पाळणा असा ख्रिस्तकथेच्या दोरीने हलला. एका मराठी हिंदू गृहस्थाला ख्रिस्ताच्या कथेत आपले गोकुळ दिसले. मग आपल्याला आपल्या मातीतल्या कथेत बेथलेहेम का दिसू नये?

परेश मोकाशी यांचा ‘एलिझाबेथ एकादशी’ (२०१४) पाहा. सांगोल्यापासून तीसएक किलोमीटरवरच्या पंढरपुरात तो घडतो. विधवा आई लोकरीचे कपडे विणून घर चालविते. कर्ज थकल्याने तिचे विणकामाचे यंत्र जप्त होते. दिवंगत वडिलांची आठवण असलेली ‘एलिझाबेथ’ नावाची सायकल विकण्याची वेळ येते. ती वाचविण्यासाठी मुले वारीच्या गर्दीत बांगड्यांचे दुकान थाटतात. उत्कृष्ट बालचित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार त्याला मिळाला. त्यात गरिबी आहे, पण लाचारी नाही; आणि आईची अब्रू राखण्यासाठी धडपडणारी लेकरे आहेत.

‘फादर, हा तर एकादशीचा चित्रपट!’ असा आक्षेप येणार हे मी जाणतो. आक्षेप घेणाऱ्यांनी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचे १९६५ चे अन्य धर्मांविषयीचे घोषणापत्र उघडून पाहावे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते ख्रिस्तसभा नाकारीत नाही, असे ते सांगते. शिवाय १९९५ साली, चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त, व्हॅटिकनने पंचेचाळीस निवडक चित्रपटांची यादी काढली. तिच्या मूल्यविषयक विभागात ‘इट्स अ वंडरफुल लाइफ’ आहे, तसाच ‘बायसिकल थीव्ह्ज’ (१९४८) हा इटालियन चित्रपटही आहे. त्यात ना नाताळ आहे, ना चमत्कार. आहे तो चोरीला गेलेल्या सायकलीपायी रोजगार गमावण्याची पाळी आलेला बाप आणि त्याचा हात न सोडणारा मुलगा. रोममधली सायकल ज्यांना चालते, त्यांना पंढरपूरची का खुपावी?

प्रभूचे चरित्रच पाहावयाचे असेल तर मूळ तेलुगूतील ‘करुणामयुडु’ (१९७८) हिंदीत ‘दयासागर’ या नावाने उपलब्ध आहे. तेथे ख्रिस्ताची भूमिका आपल्याच देशातील नटाने केली आहे. आईच्या संस्कारांची थोरवी सांगावयाची असेल तर आचार्य अत्रे यांचा ‘श्यामची आई’ (१९५३) आहे. आपल्या भाषेत काही नाही, ही सबब टिकणारी नाही.

धर्मग्रामांच्या चालकांना आणि पालकांना माझे सांगणे थोडक्यात असे. नाताळपासून तीन राजांच्या सणापर्यंत एक संध्याकाळ राखून ठेवा. घरातले चार मोबाईल चार कोपऱ्यांत नकोत. सर्वांनी मिळून एकच पडदा पाहावा. चित्रपट मराठी असावा, निदान आजीला समजेल असा असावा. कारण जो आजीला समजत नाही तो ‘सहकुटुंब’ नव्हे. संपल्यावर अर्धा तास बसून मुलांना विचारा, यात गव्हाण कोठे होती? शेजारच्या हिंदू-मुस्लिम घरांनाही बोलवा. आणि त्या दिवशी सभागृहात जो नाताळगोठा मांडाल, त्यावर कापूस पसरू नका. येथल्या माळावरचे गवत आणून घाला.